कोठीतली खिचडी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे विद्यालयाचे पत्र आले, तेव्हा आम्हा पाच जणांच्या मनात एकच आठवण आली. आणि ती लिहू नये, असेही पाचही जणांना वाटले. स्मरणिकेत गुरुजनांचे ऋण लिहावे, पहाटेची वंदना लिहावी, विहाराच्या पायऱ्यांवर कंदिलाच्या उजेडात केलेला अभ्यास लिहावा, चौदा एप्रिलची मिरवणूक लिहावी, असा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. ते सारे ऋण आमच्याही माथ्यावर आहे. परंतु इतरांनी ते आमच्याहून चांगले लिहिले असणार. म्हणून आम्ही एका मांजरीविषयी लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे दहावीच्या एकाच तुकडीतले, मुलांच्या वसतिगृहातील खोली क्रमांक सहाचे पाच रहिवासी. आज आमच्यातील एक जण पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक आहे, एक एसटीत वाहक, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, एक पतसंस्थेत लिपिक, आणि पाचवा वडिलोपार्जित चार एकर कसतो. हा मजकूर पाचही जणांनी वाचला आहे. एका ठिकाणी आमचे एकमत झाले नाही. ते तसेच ठेवले आहे.

ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले त्यांना भोजनगृहामागची कोठी आठवत असेल. तांदळाची आणि गव्हाची पोती, तुरीच्या डाळीचे डबे, गुळाच्या भेल्या, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून त्या साऱ्यांवर नजर ठेवणारे कोठीवाले काका. जेथे धान्य तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा क्रम माणसाने शेती सुरू केली तेव्हापासूनचा आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी ते २००४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या बेटावर मांजर हा मूळचा प्राणी नव्हे. म्हणजे कोणीतरी त्याला नावेत घालून समुद्रापार नेले असणार. हे आम्हाला तेव्हा अर्थातच ठाऊक नव्हते. आम्हाला एवढेच ठाऊक होते की, एका शनिवारी संध्याकाळी, भोजनगृहात खिचडीचा बेत असताना, काळ्या, तांबूस आणि पांढऱ्या ठिपक्यांची एक मांजर कोठीच्या उंबऱ्यावर येऊन बसली, आणि काकांनी तिला हाकलले नाही.

तिचे नाव खिचडी पडले. विज्ञानाच्या गुरुजींनी तिच्यावरून एक अख्खा तास घेतला. काळा आणि तांबूस असे दोन्ही रंग अंगावर असणारी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. कारण या रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर बसतो, आणि नराजवळ ते गुणसूत्र सहसा एकच असते. आनुवंशिकतेचा तो धडा आमच्यातील शेतकऱ्यालासुद्धा आजही पाठ आहे. दुसरा धडा खिचडीने स्वतःच दिला. मांजर आडवे गेले की काही पावले मागे फिरायचे, ही सवय आमच्यातील कित्येक जण घरून घेऊन आले होते. खिचडी दिवसातून वीस वेळा आडवी जायची. मागे फिरत राहिलो असतो, तर वर्गात पोचलोच नसतो. महिनाभरात ती सवय कोणी उपदेश न करता गळून पडली.

आम्ही तिला आमच्या ताटातला वरणभात घालीत असू, दूध मिळाले तर दूधभात. ती आमच्या खोलीत, बहुतेक वेळा शिक्षकांच्या (म्हणजे आज जे शिक्षक आहेत त्यांच्या) पेटीवर झोपत असे. आपण तिच्यावर फार प्रेम करतो, अशी आमची खात्री होती.

वर्षावासाचे दिवस होते. पाऊस लागून राहिला होता. खिचडीने दोन दिवस काही खाल्ले नाही. हात लावून पाहिला, अंग गरम लागले. वसतिगृहात ताप आला की अधीक्षक सर प्रथमोपचाराच्या पेटीतून पॅरासिटामॉलची गोळी देत. आमच्यापैकी प्रत्येकाला ती मिळालेली होती आणि प्रत्येकाचा ताप उतरलेला होता. आम्ही पेटीतून एक गोळी काढून घेतली, तिचे दोन तुकडे केले, मांजर लहान म्हणून अर्धीच गोळी कुटली, आणि दुधात कालवून चमच्याने तिच्या तोंडात घातली. गोळी कोणी कुटली हे आम्ही आजवर कोणाला सांगितलेले नाही. येथेही सांगणार नाही. ती आम्ही दिली.

सकाळी खिचडी धापा टाकत होती. तोंड आणि पुढचे पाय सुजले होते. हिरड्या गुलाबी असायच्या, त्या चॉकलेटी पडल्या होत्या. विंचू चावला असावा, असे आम्हाला वाटले. अधीक्षक सर स्वतः लुनावर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले आणि पावसात भिजत डॉक्टरांना घेऊन आले, एका मांजरीसाठी. ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून पाहिला आणि विचारले, "काय दिलं होतं?" आम्ही सांगितले. ते काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरांनो, माणसाची ही गोळी मांजराला विष असते. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितले नव्हते. दुपारी खिचडी गेली. कडुनिंबाखाली आम्ही तिला पुरले.

त्या गोळीचे पुढे काय होते, ते आमच्या पशुधन पर्यवेक्षकाने पुष्कळ वर्षांनी आम्हाला नीट समजावून सांगितले. माणसाचे यकृत पॅरासिटामॉलला एका विशिष्ट रसायनाची जोड देऊन ते निरुपद्रवी करते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात हे काम करणारी यंत्रणा फारच अपुरी असते. मग औषधाचा दुसराच, विषारी घटक साचतो. तो रक्तातील तांबड्या पेशींवर आघात करतो आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. हिरड्या चॉकलेटी पडतात त्या यामुळे. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून आम्ही जेवणावरून उठलो. मांजराच्या शरीराचे तापमान मुळातच साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. माणसाच्या हाताला निरोगी मांजरसुद्धा गरमच लागते. खिचडीला ताप होता की नव्हता, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

भन्तेजींनी तेव्हा आमची समजूत घातली होती. मारण्याची चेतना नव्हती, म्हणून पहिले शील तुम्ही जाणूनबुजून मोडले असे होत नाही, असे त्यांनी सांगितले. ते खरेच होते, तरीही त्या रात्रीच्या वंदनेत खोली क्रमांक सहाचा आवाज फुटला नाही. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये, आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो हे सांगताना, प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्र सांगितली. विद्यालयाच्या भिंतीवर ते शब्द रंगवलेले होते आणि आम्ही ते रोज वाचत होतो. करुणा आमच्याजवळ होती. तिच्यात कालवून आम्ही विष दिले.

आम्ही पाच जण दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर भेटतो. गर्दीतून बाहेर पडल्यावर कोठेतरी झाडाखाली डबे उघडतो. या भेटींमध्ये खिचडीचा विषय निघू लागला, तो आमच्या पर्यवेक्षकामुळे. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" हा डॉक्टरांचा प्रश्न त्याने एखाद्या कर्जासारखा अंगावर घेतला होता. मांजराविषयी माणसाला काय ठाऊक आहे, ते कसे ठाऊक झाले, आणि ते ठाऊक होण्यासाठी किती मांजरांना किंमत मोजावी लागली, हे तो शोधत राहिला.

या शोधात पहिले आश्चर्य असे की, मांजराच्या हिताचा अभ्यास फार उशिरा सुरू झाला. गाय, बैल, घोडा, कोंबडी यांच्याकडे लक्ष गेले, कारण त्यांच्यावर पोट अवलंबून. कुत्र्याकडे गेले, कारण तो राखण करतो. मांजर आपले आपण जगते, असे सर्वांनी गृहीत धरले. पशुवैद्यही त्याला लहान आकाराचे कुत्रे समजूनच औषध देत. इंग्लंडमध्ये १९५८ साली केवळ मांजरांच्या आजारांविषयीची माहिती जमवून पसरवण्यासाठी एक संस्था निघाली, ती आज 'इंटरनॅशनल कॅट केअर' या नावाने ओळखली जाते. आणि नेमके पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयी एक पुस्तक लिहून तीन अटी मांडल्या: प्राण्याशिवाय काम भागत असेल तर प्राणी वापरू नये, वापरावाच लागला तर कमीत कमी वापरावा, आणि जो वापरला जाईल त्याची वेदना होईल तितकी कमी करावी. आज जगभरच्या प्रयोगशाळांचे नियम या तीन अटींवर उभे आहेत.

परंतु त्याच काळात मांजराच्या पिल्लांवर वेगळेच काही चालले होते. अमेरिकेत हार्वर्ड येथे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघे, दृष्टी मेंदूत कशी घडते, याचा अभ्यास करत होते. त्यांनी पिल्लांची एक पापणी शिवून टाकली आणि काही आठवड्यांनी टाके उकलले. डोळा धड होता, पण त्या डोळ्याने दिसत नव्हते. जन्मानंतरच्या ठराविक काळात डोळ्याला चित्र मिळाले नाही, तर मेंदू त्या डोळ्याशी नाते जोडतच नाही, हे त्यातून सिद्ध झाले. १९८१ चे नोबेल पारितोषिक या दोघांना, तिसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर, विभागून मिळाले.

येथे आमचे एकमत झाले नाही. आमच्यातील वाहकाच्या मुलीला जन्मतःच एका डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी दुसऱ्या महिन्यातच शस्त्रक्रिया केली आणि पुढे कितीतरी महिने चांगला डोळा रोज काही तास पट्टी लावून झाकायला सांगितला. एवढ्याशा जिवाला इतकी घाई कशासाठी, असे घरचे वडीलधारे विचारत होते. घाई का करायची असते, हे वैद्यकाला त्या पिल्लांकडून कळले होते. मुलगी आज दोन्ही डोळ्यांनी पाहते. शिक्षक म्हणाला, ती पिल्ले कोणी विचारून घेतली नव्हती. मला विचारले असते, तर मी संमती दिली नसती. वाहक म्हणाला, "तुला विचारलं नाही हे बरंच झालं." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. डबे तसेच उघडे राहिले.

केंब्रिजचे पॅट्रिक बेटसन हे स्वतः मांजरांच्या वर्तनाचे अभ्यासक होते. १९८६ मध्ये त्यांनी असल्या पेचासाठी एक चौकट सुचवली. प्राण्याला किती त्रास होणार, संशोधनाचा दर्जा किती, आणि त्यातून लाभ होण्याची खात्री किती, या तीन बाजू एकदम तोलाव्यात. त्रास फार आणि लाभ अनिश्चित असेल तर काम होऊ देऊ नये. आणि संशोधन सुमार दर्जाचे असेल, तर थोडासा त्रासही देण्याचा अधिकार कोणाला नाही. चौकट चांगली आहे. आमच्या दोन मित्रांमधला प्रश्न तिने सुटला नाही, हेही नमूद केले पाहिजे. मात्र एक भेद आम्हा सर्वांना पटला: माणसासाठी मांजरावर केलेले संशोधन वेगळे आणि मांजरासाठी केलेले वेगळे. दुसऱ्या प्रकारात तर मांजराला इजा करण्याचे कारणच उरत नाही. कारण ज्याचे भले शोधायचे त्यालाच दुखवून ते सापडावे कसे?

या दुसऱ्या प्रकारचे काम वाचताना आम्हाला खरा आनंद झाला. नेदरलंड्समध्ये उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेली १९ मांजरे घेतली. दहा जणांच्या पिंजऱ्यात लपायला एक खोके ठेवले, नऊ जणांच्या ठेवले नाही, आणि चौदा दिवस केवळ निरीक्षण केले. खोके मिळालेली मांजरे पहिल्या काही दिवसांतच अधिक शांत झाली; दुसऱ्यांना तेवढे शांत व्हायला अधिक वेळ लागला. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एक पुठ्ठ्याचे खोके! भ्यालेल्या मांजराला कुशीत घेऊन कुरवाळणे ही आमची करुणेची कल्पना होती. त्याला हवी होती आडोशाची जागा, जेथे आमचा हात पोचणार नाही.

इंग्लंडमधील ससेक्स आणि पोर्ट्समथ या विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० मध्ये आणखी साधा प्रश्न विचारला. मांजराकडे पाहून माणसाने सावकाश डोळे मिटले आणि उघडले, तर काय होते? पहिल्या भागात २१ मांजरे आणि त्यांचे पाळणारे, दुसऱ्यात २४ मांजरे आणि अनोळखी माणूस. मांजरेही उत्तरादाखल डोळे बारीक करतात. आणि असे डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाजवळ, कोऱ्या चेहऱ्याने बसलेल्या माणसापेक्षा, अधिक सहजपणे येतात, असे आढळले. आपल्याकडे मांजर डोळे मिटून दूध पिते, असे म्हणतात, आणि त्यात तिला चोर ठरवतात. ते डोळे मिटणे म्हणजे आपल्याशी केलेले बोलणेही असू शकते, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

कॅनडातील माँट्रियल विद्यापीठात २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याचे एक मोजमाप तयार झाले. कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाच गोष्टी पाहायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे. कान बाजूला वळलेले, डोळे आकसलेले, तोंड ताणलेले, मिशा ताठ, डोके खांद्यांच्या खाली गेलेले: अशी मांजर दुखण्यात आहे. हे ठरवण्यासाठी त्यांनी कोणत्याही मांजराला मुद्दाम दुखवले नाही. आधीच आजारी होऊन दवाखान्यात आलेल्या मांजरांचे चित्रण केले. आमच्या पर्यवेक्षकाने त्या मोजमापाची चित्रे आम्हाला दाखवली. आकसलेले डोळे आणि खाली गेलेले डोके आम्ही ओळखले. पेटीवर बसलेली खिचडी त्या दोन दिवसांत अगदी तशीच दिसत होती. आम्ही ती झोपाळलेली आहे असे समजत होतो.

आता दूधभाताविषयी. आमच्या करुणेचा तो दुसरा भाग आणि स्वतंत्र संशोधनाची खरी कथा येथेच आहे. मांजर हे पूर्णपणे मांसाहारी शरीराचे आहे. टॉरिन नावाचा एक पदार्थ त्याला मांस-मासळीतून मिळावाच लागतो. वनस्पतींत तो जवळजवळ नसतो आणि मांजराचे शरीर तो पुरेसा बनवत नाही. टॉरिन कमी पडले की मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले होते. तरीही कंपन्यांचे डबाबंद, 'संपूर्ण आहार' म्हणून विकले जाणारे खाणे खाऊन मांजरे हृदयविकाराने मरत होती. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या आजारी मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी आहे आणि ते पोटात दिले की मोठे झालेले हृदय पूर्ववत होऊ लागते. मग कंपन्यांनी खाण्यातील टॉरिन वाढवले आणि तो हृदयविकार विरळ झाला. यातील बहुतेक मांजरे आजारी होऊनच दवाखान्यात आली होती. संशोधनाने त्यांना आजारी पाडले नाही, बरे केले. आणि विकणाऱ्याच्या शब्दावर न विसंबता कोणीतरी मोजून पाहिले, म्हणून हे उघडकीस आले.

आपल्या भाषेत 'उंदराला मांजर साक्ष' अशी म्हण आहे. मांजरांच्या आहारावरचे पुष्कळ संशोधन मांजरांचे खाणे विकणाऱ्या कंपन्यांच्याच पैशावर चालते. ते सारे खोटे असते असे आम्ही म्हणणार नाही. पण पैसा कोणाचा, निष्कर्ष उलटा आला असता तरी छापला असता काय, आणि दुसऱ्या कोणी तेच करून पाहिले काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नये. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, मोठ्यांनी सांगितले म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. डब्यावर छापले आहे म्हणून स्वीकारू नका, हे त्यातच आले.

आणि आमच्या ताटातल्या दूधभाताचे काय? मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातील साखर पचत नाही आणि भातात टॉरिन नसते. खिचडी तगली ती कोठीतल्या उंदरांवर. आम्ही आपले श्रेय घेत होतो.

भिक्खूसंघाच्या परंपरेत मांजराला फारसे मानाचे स्थान मिळालेले दिसत नाही, हे येथे आठवते. जपानमध्ये महापरिनिर्वाणाची जी चित्रे काढतात, त्यांत शोक करणारे नाना प्राणी असतात, परंतु मांजर बहुधा नसते. क्योटोच्या तोफुकुजी विहारातले १४०८ मधील मिंचो या भिक्खू-चित्रकाराचे भव्य चित्र मात्र त्याला अपवाद आहे. तेथे मांजर आहे. दुसरीकडे, सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे म्हटले आहे. आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यामागे राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी लावून धरलेला आग्रह होता. प्रयोगांवर देखरेख करणारी समिती त्याच कायद्यातून आली.

मागच्या वर्षी पावसाळ्यात आम्ही पाचही जण विद्यालयात गेलो. कोठी तीच आहे, काका नवे आहेत, आणि सध्या तेथे तीन मांजरे आहेत. पर्यवेक्षकाने मुलामुलींना खिचडीची गोष्ट सांगितली, काही न लपवता. एका मुलीने विचारले, "मग आपण काय करून पाहू शकतो, ज्यात त्यांना काहीच होणार नाही?" त्यातून खोक्यांचे निरीक्षण ठरले. मुलांनी आपली समिती नेमली: भन्तेजी, कोठीवाले काका, आठवीतली ती मुलगी आणि आमचा पर्यवेक्षक. नियम त्यांनीच लिहिले. मांजराला उचलायचे नाही. तिची वाट अडवायची नाही. खाणे बंद करून बघायचे नाही. ती निघून गेली तर मागे जायचे नाही. कोणाला ओरखडा किंवा चावा बसला, तर लपवायचे नाही. साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जायचे. आणि सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत: कोणत्याही प्राण्याला माणसाची गोळी द्यायची नाही.

आमच्या लिपिकाने उत्साहाच्या भरात सुचवले की, वह्यांचा आणि खोक्यांचा खर्च आमची पतसंस्था करील, फक्त खोक्यांवर तिचे नाव छापावे. समितीने विचारले, "आणि मांजर खोक्यात बसली नाही तर?" लिपिक हसला आणि त्याने प्रस्ताव मागे घेतला. खोकी भोजनगृहातल्या तेलाच्या पाकिटांची रिकामी झालेलीच वापरली.

पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास, मुले व्हरांड्यात बसून लिहीत होती. खोक्यांच्या जागा मध्ये एकदा बदलल्या, म्हणजे मांजराला खोके आवडते की तो कोपरा, हे कळावे. तीन मांजरांवरून काहीच सिद्ध होत नाही, हे पर्यवेक्षकाने आधीच बजावले होते. पहिले सहा दिवस वहीत एकच वाक्य आहे: मांजर आली नाही. सातव्या दिवशी एका मुलाने, बिचारे कंटाळले असतील, 'आली' असे लिहून टाकले होते. ते मुलीने खोडून शेजारी तारखेसह सही केली आहे. वही आता विद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवली आहे. महोत्सवाला येणाऱ्यांनी ती जरूर पाहावी. शेवटच्या पानावर पंधराव्या दिवसाची, संध्याकाळची नोंद आहे:

"तिरंगी मांजर ५ वाजून ४० मिनिटांनी आली. खोक्यात बसली नाही. खोक्यावर बसली. आमच्याकडे पाहून डोळे मिटले. आम्हीपण मिटले."